‘स्वखुशीने’ हा शब्द कुणी लिहिला, ते आधी विचारा

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
कर्मचारी राज्य विमा महामंडळ, नवी दिल्ली.

विषय : राजीनामा दिलेल्या कामगारालाही बेकारी भत्ता मिळण्याबाबत.

महोदय, महोदया,

मी पुलाची शिरोलीत राहतो. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीच्या, म्हणजे धातू ओतून भाग बनवणाऱ्या कारखान्याच्या, टाइम ऑफिसात मी एकोणीस वर्षं काढली. हजेरी, ओव्हरटाइम, पगारपत्रक, फंड आणि ईएसआयचा, म्हणजे तुमच्या कर्मचारी राज्य विम्याचा, दर महिन्याचा भरणा ही माझी कामं. फौंड्रीचं नाव या पत्रात घेत नाही. जे सांगणार आहे ते एकाच गेटाच्या आत घडतं असं नाही, आणि मला कुणाशी हिशेब चुकता करायचा नाही.

माझ्या टेबलाच्या उजवीकडच्या खालच्या कप्प्यात एक फाइल असायची. तिच्यात राजीनाम्याचे छापील कागद. मजकूर असा : ‘मी खाली सही करणार, माझ्या घरगुती अडचणीमुळे स्वखुशीने नोकरीचा राजीनामा देत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. माझा सर्व हिशेब मला मिळाला असून कंपनीकडे माझी कोणतीही मागणी राहिलेली नाही.’ नाव, टोकन नंबर आणि तारीख एवढ्याच जागा कोऱ्या. हा मजकूर मी कामाला लागण्याच्या आधीपासून चालत आलेला होता. मी तो टाइपरायटरच्या जुन्या कागदावरून कॉम्प्युटरवर घेतला आणि वीस-वीस प्रती काढून ठेवत गेलो. कप्पा रिकामा झाला की पुन्हा वीस.

त्यातला एक कागद मला विसरता येत नाही. फेटलिंगला एक मामा होते. फेटलिंग म्हणजे ओतून थंड झालेल्या कास्टिंगच्या कडा, बार, चिकटलेली वाळू ग्राइंडरने काढायचं काम. तिथली हवा सकाळी दहा वाजताच राखाडी झालेली असते. मामांनी तिथं अकरा वर्षं काढली होती. शेवटच्या दोन वर्षांत खोकल्याने त्यांची पाठ वाकायची. ईएसआयच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी केसपेपरवर लिहून दिलं होतं, धुळीच्या कामापासून लांब ठेवा. मामा तो केसपेपर घेऊन आले. पॅकिंगला किंवा गेटवर घ्या म्हणाले. जागा नाही असं उत्तर मिळालं. महिनाभर ते रुमाल बांधून तिथंच उभे राहिले आणि एका शनिवारी माझ्या टेबलापुढं येऊन बसले. मी कागद पुढं केला. नखांत वाळू बसलेलं बोट त्या ओळीवर ठेवून त्यांनी विचारलं, “लिवलंय काय ह्यात?”

“घरच्या अडचणीनं सोडतोय असं लिहिलंय, मामा.”

“माझ्या घरात काय अडचण न्हाई. अडचण हितं हाय,” म्हणाले आणि छातीवर हात ठेवला. मग सही केली. मीही काही बोललो नाही. कागद फाइलला लावला.

पुढचं काम कॉम्प्युटरवरचं. तुमच्या संकेतस्थळावर महिन्याचा भरणा करताना ज्या कामगाराचे दिवस शून्य, त्याच्यापुढं कारणाचा आकडा टाकावा लागतो आणि शेवटच्या कामाची तारीख. रजेवर असेल तर १. नोकरी सोडली तर २. निवृत्त झाला तर ३. संप किंवा टाळेबंदी ९, कामगार कपात १०, काम नाही ११. मामांच्या नावापुढं मी २ टाकला. त्या चौकटीत आकड्याखेरीज काही मावत नाही. खोकला मावत नाही, डॉक्टरांची ओळ मावत नाही, जागा नाही असं सांगितलेलंही मावत नाही. कामगाराला ती चौकट कधी दिसतही नाही. ती मी भरायचो. फौंड्र्यांत, सूतगिरण्यांत, गारमेंटच्या शेडमध्ये माझ्यासारखे अनेक जण ती दर महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत भरतात, आणि बहुतेकांचं बोट सवयीने २ वरच जातं. कारण २ टाकला की कुणी काही विचारत नाही. १० टाकला की नोटीस दिली होती का, कपातीची भरपाई दिली का, असे प्रश्न निघू शकतात.

या एका आकड्यावर पुढं काय काय ठरतं, ते मला स्वतःवर वेळ आल्यावर नीट कळलं.

२०२३ मध्ये ऑर्डरी कमी झाल्या. सात तारखेचा पगार वीस तारखेवर गेला, मग अठ्ठावीसवर, मग दोन महिने आलाच नाही. दिवाळीनंतर ऑफिसातल्या आम्हा सहा जणांना बोलावून सांगितलं, राजीनामा द्याल तर हिशेब लगेच, नाहीतर जमेल तेव्हा. माझी मुलगी तेव्हा बारावीला होती. मी माझ्याच कप्प्यातला कागद काढला, माझ्याच हाताने नाव घातलं आणि ‘माझ्यावर कोणाचाही दबाव नाही’ या ओळीखाली सही केली. त्या महिन्याचा भरणाही मीच करून निघालो. माझ्या नावापुढं २ मीच टाकला.

महिनाभराने मी अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेची, म्हणजे ईएसआयच्या बेकारी भत्त्याची, चौकशी करायला गेलो. कार्यालयाचं नाव नको. तिथला माणूस सभ्य होता. त्याने बसवून घेतलं, स्क्रीन बघितला आणि म्हणाला, “लेफ्ट सर्व्हिस दिसतंय. राजीनामा आहे ना? मग नाही बसत.” मी म्हटलं, पगार थकला होता हो. तो म्हणाला, “ते आम्हाला इथं कसं कळणार?”

त्याच्यावर माझा राग नाही. त्याने विचारलेला प्रश्न खरा आहे आणि त्याचं उत्तर द्यायची जबाबदारी तुमची आहे. म्हणूनच हे पत्र त्याला न लिहिता तुम्हाला लिहितो आहे.

ज्यांना ही योजना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, कारण हे पत्र एमआयडीसीतल्या पोरांनीही वाचावं अशी माझी इच्छा आहे. ईएसआयचा कायदा मूळचा १९४८ चा. सध्या ज्याचा पगार महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत, तो त्यात येतो. पगारातून ०.७५ टक्के कापले जातात आणि मालक ३.२५ टक्के भरतो. आजारपण, बाळंतपण, कामावरचा अपघात यांच्यासाठी तो विमा आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. बेकारीचंही त्यात काही आहे, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. १ जुलै २०१८ पासून अटल योजना प्रायोगिक म्हणून दोन वर्षांसाठी सुरू झाली आणि नंतर मुदतवाढीवर चालत राहिली. आधी सरासरी रोजच्या पगाराच्या २५ टक्के मिळायचे, २४ मार्च २०२० पासून ते ५० टक्के झाले. जास्तीत जास्त ९० दिवस, तेही आयुष्यात एकदाच. आधीची दोन वर्षं विम्याखालची नोकरी हवी. लगेचच्या आधीच्या सहामाहीत किमान ७८ दिवस भरलेले हवेत आणि त्या आधीच्या तीनपैकी एका सहामाहीतही ७८. महामारीच्या काळात तुम्ही दोन चांगल्या गोष्टी केल्या, त्या मी विसरत नाही. नव्वद दिवस थांबायची अट तीसवर आणलीत आणि मालकाच्या सही-शिक्क्यातून अर्ज जाण्याची सक्ती काढलीत. कामगार स्वतः अर्ज करू शकतो, हे मोठं पाऊल होतं.

पण त्याच योजनेत एक अट आहे. गैरवर्तनाची शिक्षा म्हणून, वय झाल्यामुळे किंवा स्वेच्छानिवृत्तीमुळे आलेली बेकारी चालणार नाही.

माझं म्हणणं या एका शब्दाभोवती आहे. स्वेच्छानिवृत्ती म्हणजे काय, ते कोल्हापुरात तरी सगळ्यांना माहीत आहे. बँकेतला, सरकारी कंपनीतला माणूस योजना जाहीर झाल्यावर अर्ज करतो, काही लाख रुपये घेतो, घरी पेढे वाटतो. त्याला बेकारी भत्ता देऊ नका, मला काही म्हणायचं नाही. पण टेबलापुढं बसून ‘हितं अडचण हाय’ म्हणणारा माणूस त्या शब्दात कसा बसतो? निवृत्ती आणि राजीनामा हे आपल्या कायद्यांत दोन वेगळे शब्द आहेत. १९७२ चा ग्रॅच्युइटीचा जुना कायदा काढून बघा. निवृत्ती किंवा राजीनामा असे दोन्ही शब्द त्यात शेजारी शेजारी लिहिलेले आहेत, आणि पाच वर्षं भरलेल्याने राजीनामा दिला तरी त्याची ग्रॅच्युइटी बुडत नाही. २०१९ च्या वेतन संहितेचं कलम १७ बघा. काढून टाकलेला, कपात झालेला, राजीनामा दिलेला, कारखाना बंद पडून बेकार झालेला, या सगळ्यांना दोन कामाच्या दिवसांत पगार चुकता करा असं ते एका दमात सांगतं. तुमच्या स्वतःच्या दवाखान्यातही, नोकरी सुटली तरी लाभाचा कालावधी संपेपर्यंत औषध मिळतं, आणि राजीनामा होता का असं तिथं कुणी विचारत नाही. मग बेकारीच्या खिडकीवरच राजीनामा हा गुन्ह्यासारखा का धरला जातो? अटीत ‘राजीनामा’ हा शब्द नाही. तो खिडकीवर येईपर्यंत कुठंतरी आत शिरलेला आहे.

आता कुणी म्हणेल, राजीनामा म्हणजे आपण होऊन सोडलेली नोकरीच की. सक्ती कुठं होती? हात तर कुणी धरला नव्हता. यावर सर्वोच्च न्यायालय १९८२ मध्येच बोलून गेलं आहे. दिल्लीतल्या एशियाड खेळांच्या बांधकामावरच्या मजुरांचा खटला होता. राज्यघटनेच्या कलम २३ चा अर्थ लावताना न्यायमूर्ती भगवतींनी सांगितलं की सक्ती फक्त दांडक्याची नसते. भूक आणि गरिबी माणसापुढं दुसरी वाट ठेवत नाही, तेव्हा तीही सक्तीच. तो निकाल किमान वेतनाहून कमी पैशात राबावं लागणाऱ्यांबद्दल होता, राजीनाम्याबद्दल नव्हता, हे मला माहीत आहे. पण भुकेपोटी धरलेल्या कामाला जे न्यायालय सक्ती म्हणतं, त्या देशात दोन महिने पगार न मिळालेल्या माणसाच्या सहीला ‘स्वखुशी’ म्हणताना जरा तरी अडखळायला नको का?

२०१९ च्या ऑगस्टमधली गोष्ट. पंचगंगा शिरोलीजवळ महामार्गावर आली, अनेक दिवस रस्ता बंद होता. आमच्याकडे चिखली, आंबेवाडी भागातली पोरं होती. घरं पाण्यात, जनावरं सोडून दिलेली, माणसं छावणीत. काही जण पंधरा-वीस दिवसांनी कामावर आले. त्यांतल्या ठेकेदाराकडच्या चौघांना सांगितलं गेलं की खाडे फार झालेत, राजीनामा द्या, पुढच्या महिन्यात नव्याने भरून घेतो. दोघांना घेतलं. दोघांना नाही. त्या दोघांच्या कागदावरही घरगुती अडचण आणि स्वखुशी. घरात छातीएवढं पाणी होतं, तेव्हा घरगुती अडचण हे शब्द तेवढे खरे होते म्हणायचे.

कोअर शॉपमध्ये आमच्या भागात बाया-मुली जास्त असतात. साच्यात बसवायचा वाळूचा गाभा तयार करायला नाजूक हात लागतो. तिथल्या एका मुलीने का सोडलं, ते सगळ्या शॉपला माहीत होतं आणि कागदावर लग्न ठरलं असं होतं. लग्न दोन वर्षांनी झालं. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने तक्रार करणाऱ्या बाईला चौकशी चालू असताना तीन महिन्यांपर्यंत रजा मिळू शकते. पण तक्रार न करता, अब्रूच्या भीतीने गुपचूप निघून जाणाऱ्या बाईला ते तीन महिने कोण देणार? तुमच्या योजनेतही नव्वदच दिवस आहेत. तिला ते हवे होते.

पैशाचं बोलतो, कारण रक्कम ऐकल्यावर लोकांना वाटतं की यासाठी एवढी तळमळ कशाला. माझा पगार १८,६०० रुपये होता. महिन्याला माझे १४० रुपये कापले जात होते, कंपनी ६०५ भरत होती. चार सहामाहींची कमाई भागिले ७३० हा तुमचा हिशेब. दोन वर्षं पगार तोच धरला तर रोजचे साधारण ६११ रुपये येतात. निम्मे म्हणजे ३०५ च्या वर थोडे. नव्वद दिवसांचे सुमारे साडेसत्तावीस हजार. आयुष्यात एकदा. त्या साडेसत्तावीस हजारांत माझ्या मुलीची क्लासची फी आणि तीन महिन्यांचं किराणा-दूध बसलं असतं, आणि मी मिळेल ते काम धरलं नसतं. मला ते पैसे मिळाले नाहीत म्हणून मी त्या चौकशीनंतर नवव्या दिवशी एका गोडाऊनवर रात्रपाळीला उभा राहिलो, अकरा हजारांवर. हिशेबाचं काम येणारा माणूस तिथं बॅटरी हातात घेऊन शटरं बघत होता. सात महिने गेले तेव्हा कुठं पुन्हा ऑफिसचं काम मिळालं. बेकारी भत्त्याचा खरा उपयोग हाच असतो. माणसाला आपल्या अंगच्या कामाची नोकरी शोधायला चार दिवस मिळतात.

आणि हा पैसा कुणाच्या मेहेरबानीचा नाही. मामांचे अकरा वर्षांचे हप्ते तुमच्याकडे जमा आहेत. त्यांना या योजनेत येता येत नसेल तर दुसरी वाट काय? २००५ पासूनची राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना आहे. ती कारखाना बंद पडला, कपात झाली किंवा कामाबाहेरच्या कारणाने किमान ४० टक्के कायमचं अपंगत्व आलं तर. सिलिकोसिस, म्हणजे वाळूच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार, तुमच्या कायद्याच्या व्यवसायजन्य आजारांच्या यादीत आहे, तो सिद्ध झाला तर पुढचे लाभ आहेत. म्हणजे फुप्फुस पुरतं खराब झालं की तुम्ही पैसे देणार. खराब होतंय हे ओळखून, तुमच्याच डॉक्टरांचं ऐकून जो आधी बाहेर पडला, त्याला मात्र काही नाही. हा माणूस शहाणपणाने वागला हो. पुढं होणारा तुमचाच खर्च त्याने वाचवला. त्याला शिक्षा कशाची?

गैरफायद्याची भीती तुम्हाला असणार, तुमच्यात मालकांचे दहा प्रतिनिधी बसतात, ते हा मुद्दा काढतीलच. त्यांना मी एवढंच सांगतो की अर्ध्या पगारावर, आयुष्यात एकदाच मिळणाऱ्या तीन महिन्यांसाठी चालती नोकरी सोडणारा माणूस मी एकोणीस वर्षांत पाहिला नाही. ज्याला कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत दोन हजार जास्त मिळतात, तो आज इथून निघतो आणि उद्या कागलच्या बसमध्ये बसतो. त्याला भत्त्याची गरजच नाही. तरीही कारण नसताना सोडणाऱ्यावर काही बंधन हवं असेल तर घाला. जर्मनीत सबळ कारणाशिवाय नोकरी सोडली तर भत्ता साधारण बारा आठवडे अडवतात, पण कारण सबळ असेल तर अडवत नाहीत. जपानमध्येही आपणहून सोडणाऱ्याला थांबावं लागतं, तो काळ त्यांनी कमी कमी करत आणला आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९८८ चा १६८ क्रमांकाचा करार आहे. सबळ कारणाशिवाय नोकरी सोडणाऱ्याचा भत्ता रोखता येईल, असं त्यात म्हटलं आहे. ‘सबळ कारणाशिवाय’ हे शब्द त्यांनी घातले. भारताने तो करार स्वीकारलेला नाही, पण ते शब्द घ्यायला कुणाची हरकत असेल असं मला वाटत नाही.

आपल्या महाराष्ट्राला तर हा विचार परका नाहीच. १९७२ च्या दुष्काळातून आपण रोजगार हमी उभी केली, १९७७ मध्ये तिचा कायदा केला. मागणाऱ्याला पंधरा दिवसांत काम दिलं नाही तर बेकारी भत्ता द्यायचा, हे तिच्यात लिहिलं. त्या हमीच्या खर्चासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर बसवला. मी दर महिन्याला शेकडो पगारपत्रकांवर दोनशे रुपये व्यवसाय कर कापत होतो आणि फेब्रुवारीत तीनशे. शेतमजुराला काम मिळावं म्हणून फौंड्रीतला कामगार इतकी वर्षं पैसे भरतो आहे. त्याचं स्वतःचं काम गेलं तेव्हा मात्र त्याला कागदावरचा एक शब्द दाखवला जातो.

‘आम्हाला इथं कसं कळणार’ याचं उत्तर मी खिडकीवर देऊ शकलो नाही. ते इथं देतो, कारण कागदपत्रं हीच माझी एकोणीस वर्षांची विद्या आहे. बहुतेक पुरावा तुमच्याच घरात आहे. प्रकृतीचं कारण असेल तर केसपेपर तुमच्या दवाखान्याचा, सल्ला तुमच्या डॉक्टरांचा. पगार थकला असेल तर बँकेचं पासबुक एका मिनिटात सांगतं, आणि भरणा थकलेला असेल तर तो तुमच्या स्क्रीनवरच दिसतो. कारखाना लांब हलवला असेल तर पत्ता बदलल्याची नोंद तुमच्याकडे आहे. एकाच कारखान्यातून एका महिन्यात तीस जणांपुढं २ पडला असेल, तर तीस घरांत एकदम घरगुती अडचण आली का, एवढं विचारायला मोठ्या अधिकाऱ्याची गरज नाही. बाईने छळाचं कारण दिलं तर तिचं स्वतःचं निवेदन आधी खरं धरा आणि चौकशी नंतर करा, तिला खिडकीवर उभं करून तपशील विचारू नका. घरातलं माणूस अंथरुणाला खिळलं म्हणून सोडलं असेल, तर दवाखान्याचा कागद असतोच.

म्हणून तुम्ही एक परिपत्रक काढा. स्वेच्छानिवृत्ती म्हणजे मोबदला घेऊन, जाहीर झालेल्या योजनेखाली घेतलेली निवृत्ती, आणि साधा राजीनामा त्यात येत नाही, एवढं त्यात स्पष्ट लिहा. अर्जात कामगाराला स्वतःच्या शब्दांत कारण लिहायला चार ओळींची जागा द्या. कंपनीच्या छापील कागदापेक्षा त्या चार ओळींना आधी वजन द्या. २ हा आकडा मोडून त्याचे भाग करा, म्हणजे प्रकृती, थकलेला पगार, स्थलांतर, छळ, दुसरी नोकरी यांना वेगवेगळे आकडे मिळतील. आणि कंपनीने जो आकडा टाकला तो त्याच दिवशी कामगाराच्या मोबाइलवर मेसेजने जाऊ द्या. चुकीचा असेल तर तीस दिवसांत तो हरकत घेईल. हे शेवटचं सगळ्यात स्वस्त आहे आणि माझ्या मते सगळ्यात मोठं. समोरच्या माणसाला कळणार आहे म्हटल्यावर माझं बोट तरी २ वर जाण्याआधी थांबलं असतं.

योजना कायमची करा, हेही सांगायचं आहे. मुदतवाढीची बातमी वेळेवर येते की नाही यावर कुणाचा किराणा अवलंबून नसावा.

मामा आता गावी असतात. त्यांच्या मुलाने सहा महिन्यांपूर्वी फौंड्रीचं काम धरलं, मोल्डिंगला. मी त्यांच्याकडे जाऊन तो कागद माझ्या हातून गेला हे बोललो. ते म्हणाले, तुमचं काम होतं ते, तुम्ही काय करणार. मला ते पटलेलं नाही. मी निदान ती ओळ खोडून ‘प्रकृतीमुळे’ एवढं लिहून घेऊ शकलो असतो.

गेल्या रविवारी आमच्या गल्लीतला एक पोरगा आला. मशीन शॉपला आहे, सहा वर्षं झाली, तीन महिने पगार नाही. कंपनीने त्यालाही छापील कागद दिला आहे. तो घडी घालून खिशात ठेवला होता, उघडून माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाला, “काका, सही करू का? का काय दुसरं लिहू?” मी त्याला म्हटलं, सही करू नको, वेगळ्या कागदावर लिहू, तीन महिन्यांचा पगार न मिळाल्यामुळे नाइलाजाने काम सोडावं लागत आहे. त्याची पोच घे. पासबुकाची झेरॉक्स जोड. तो कागद लिहून तयार आहे, तारीख तेवढी घालायची राहिली आहे. एवढं लिहिलं तर त्याला तुमच्या खिडकीवर भत्ता मिळेल का, हे त्याने मला विचारलं आणि मी त्याला उत्तर देऊ शकलेलो नाही. ते तुम्ही द्यावं. त्याच्यासाठी मी थांबलो आहे.

आपला,
फौंड्रीतला एक माजी टाइमकीपर,
पुलाची शिरोली, जि. कोल्हापूर